मोडलारॉइट

जर्मनीतील बव्हेरिया व थुरिंजिया या दोन राज्यांच्या सीमेवर वसलेले एक लहान खेडे. लोकसंख्या सु. ५०. सु. ५०° २५′ उ. अक्षांश व ११° ५३′ पू. रेखांश यांवर, बव्हेरियातील होफ शहराच्या उत्तरेस सु. १० किमी. अंतरावर ते आहे. खेड्याच्या मधून टानबाख नावाचा अरुंद ओढा वाहतो. ओढ्याच्या उत्तरेकडील घरे थुरिंजिया राज्याच्या झाले-ओर्ला जिल्ह्यातील गेफेल नगरपालिकेत मोडतात, तर दक्षिणेकडील घरे बव्हेरियाच्या होफ जिल्ह्यातील टोपेन ग्रामपालिकेत मोडतात. प्रशासनाच्या सोयीसाठी पूर्वी आखलेली ही सीमारेषा १९४९ ते १९९० या काळात दोन जर्मन राष्ट्रांमधील, आणि पर्यायाने जगातील दोन परस्परविरोधी सत्तागटांमधील सीमा बनली. १९६६ मध्ये तेथे काँक्रीटची भिंत उभारण्यात आली. बर्लिनशी असलेल्या या साम्यामुळे अमेरिकन सैनिकांनी या खेड्याला ‘छोटे बर्लिन’ असे नाव दिले व पुढे तेच जगभर रूढ झाले.

भूवर्णन : मोडलारॉइट हे फोग्टलांट या डोंगराळ प्रदेशात येते. बव्हेरिया, थुरिंजिया व सॅक्सनी ही तीन राज्ये या प्रदेशात एकमेकांस भिडतात. शिवाय त्याची दक्षिण बाजू चेक प्रजासत्ताकातील बोहीमियाला लागून आहे. खेडे समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. भोवतालचा मुलूख उंच शिखरांचा नसून लाटांप्रमाणे चढत-उतरत जाणाऱ्या टेकड्यांचा आहे. टेकड्यांच्या माथ्यावर स्प्रूस वृक्षांची अरण्ये, उतारावर शेते आणि सखल भागात कुरणे अशी येथील भूमीची सर्वसाधारण मांडणी आहे. टानबाख ओढा पुढे झाले नदीस मिळतो. झाले नदी एल्ब नदीस मिळत असल्यामुळे त्याचे पाणी अखेर उत्तर समुद्रात जाते. हिवाळा दीर्घ व कडक असतो. होफच्या परिसराला गमतीने ‘बव्हेरियाचा सायबीरिया’ असे म्हणतात. राय, बार्ली, बटाटे व वैरणीची पिके ही येथील मुख्य पिके असून पशुपालन हा शेतीचा पूर्वापार जोडधंदा आहे. खेड्याच्या नावातील ‘रॉइट’ हा अंत्य घटक या भागातील अनेक ग्रामनामांत आढळतो. जंगल तोडून लागवडीस आणलेली जागा, असा त्याचा अर्थ आहे. त्यावरून मध्ययुगातील वसाहतकाळात अरण्य साफ करून ही वस्ती झाली, हे स्पष्ट होते.

सीमेची उत्पत्ती : मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जर्मन भूमी लहानमोठ्या शेकडो संस्थानांत विभागलेली होती. टानबाखच्या दक्षिणेस होएनझोलर्न घराण्यातील बायरॉइटच्या मारग्रेव्हांची सत्ता होती, तर उत्तरेस रॉइस घराण्याच्या श्लाइट्स शाखेची. रॉइस घराण्यातील सर्व पुरुषांची नावे हाइन्रिख असत व ती केवळ क्रमांकांनी ओळखली जात, हे या घराण्याचे एक प्रसिद्ध वैशिष्ट्य होय. दोन संस्थानांमधील हद्द निश्चित करताना नदी, नाला वा टेकडीची धार यांचा आधार घेण्याची तत्कालीन प्रथा होती. त्यानुसार ओढा ही हद्द ठरली आणि त्याच्या दोन्ही काठांवर वाढलेले खेडे दोन सत्ताधीशांच्या अंमलाखाली गेले.

पुढे दक्षिणेकडील सत्ता अनेकदा पालटली. शेवटच्या मारग्रेव्हाने १७९१ मध्ये गादीचा त्याग केल्यावर बायरॉइटचा मुलूख प्रशियाकडे गेला. नेपोलियनने प्रशियाचा पराभव केल्यानंतर १८०७ मध्ये तो फ्रान्सच्या ताब्यात आला आणि १८१० मध्ये बव्हेरियाच्या राज्याने तो नेपोलियनकडून मोबदला देऊन मिळविला. याच सुमारास ओढ्याच्या काठाने नवे हद्दीचे दगड बसविण्यात आले. त्यांच्या एका बाजूस बव्हेरियाचे राज्य व दुसऱ्या बाजूस रॉइसचे संस्थान यांची आद्याक्षरे कोरलेली असून त्यांपैकी काही दगड अद्यापि जागेवर उभे आहेत. १९१८ मध्ये जर्मनीतील सर्व राजेशाह्या कोसळल्या. १९२० मध्ये रॉइससह अनेक छोटी संस्थाने एकत्र येऊन थुरिंजिया हे राज्य निर्माण झाले, तर बव्हेरिया स्वतंत्र राज्य म्हणून कायम राहिले. राजे गेले, संस्थाने विलीन झाली, परंतु ओढ्यावरील हद्द मात्र कायम राहिली.

विभाजनपूर्व ग्रामजीवन : या हद्दीचा ग्रामस्थांच्या नित्य जीवनाशी फारसा संबंध येत नसे. कर दोन ठिकाणी भरावे लागत व दोन वेगळ्या कचेऱ्यांत नोंदी होत. परंतु गाव सामाजिक दृष्ट्या एकच होते. शाळा व मद्यगृह थुरिंजियाच्या बाजूस होते आणि बव्हेरियाच्या बाजूची मुले तेथेच शिकत. उपासनेसाठी दोन्ही बाजूंचे लोक बव्हेरियातील टोपेन येथील चर्चमध्ये जात. सोयरीक ओढा ओलांडून होई. एकाच कुटुंबाची शेते दोन्ही राज्यांत असत. पाऊल टाकून ओलांडता येईल असा हा ओढा केवळ नकाशावरच सीमा होता. याच कारणाने पुढील घडामोडी ग्रामस्थांना अनपेक्षित वाटल्या.

युद्धोत्तर विभागणी : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात, पराभूत जर्मनीचे व्यवस्थापन कसे करावयाचे याचा विचार दोस्त राष्ट्रांनी लंडन येथे केला. १२ सप्टेंबर १९४४ रोजीच्या लंडन करारनाम्यात व्याप्त विभागांच्या सीमा निश्चित करण्यात आल्या. नव्या रेषा आखण्यापेक्षा जर्मनीतील राज्यांच्या व प्रांतांच्या जुन्या सीमांचाच आधार घेणे सोयीचे ठरले. त्यानुसार थुरिंजिया सोव्हिएट विभागात व बव्हेरिया अमेरिकन विभागात समाविष्ट झाले. त्या रेषेवर एखादे खेडे दुभंगते आहे काय, याचा विचार एवढ्या मोठ्या वाटपात होणे शक्य नव्हते. एप्रिल १९४५ मध्ये या भागात प्रथम अमेरिकन सैन्य आले. जुलैच्या प्रारंभी करारानुसार त्याने थुरिंजिया सोडला व तेथे सोव्हिएट सैन्य दाखल झाले. दोन शतकांपूर्वीच्या संस्थानिकांची हद्द अशा प्रकारे दोन महासत्तांची सीमारेषा बनली.

आरंभी ही विभागणी तात्पुरती समजली जात होती. १९४६ पासून आंतरविभागीय प्रवासास परवाने आवश्यक झाले. तथापि स्थानिक लोकांना ओढा ओलांडता येत असे. १९४९ मध्ये २३ मे रोजी जर्मन संघीय प्रजासत्ताक (पश्चिम जर्मनी) व ७ ऑक्टोबर रोजी जर्मन लोकशाही प्रजासत्ताक (पूर्व जर्मनी) ही दोन राष्ट्रे स्थापन झाली आणि मोडलारॉइटचे दोन भाग दोन देशांत गेले. दोन्ही बाजूंची नाणी, कायदे व शासनपद्धती निराळी झाली. तरीही शेतावर, शाळेत वा आप्तांकडे जाण्यासाठी परवान्यावर ये-जा चालू होती.

१९५२ चे निर्बंध : सु. १,४०० किमी. लांबीच्या आंतरजर्मन सीमेवरून पश्चिमेकडे जाणाऱ्या निर्वासितांचा ओघ थांबविण्यासाठी पूर्व जर्मन शासनाने २६ मे १९५२ रोजी एक आदेश काढला. त्यानुसार प्रत्यक्ष सीमेलगत १० मी. रुंदीचा नांगरलेला पट्टा, त्यामागे ५०० मी. रुंदीचा संरक्षित पट्टा आणि एकूण ५ किमी. खोलीचा प्रतिबंधित प्रदेश अशी त्रिविध रचना करण्यात आली. नांगरलेल्या पट्ट्यात पाय ठेवणे हा गुन्हा ठरला. पाचशे मीटरांच्या पट्ट्यात रात्री घराबाहेर पडण्यास बंदी होती. प्रतिबंधित प्रदेशातील रहिवाशांच्या ओळखपत्रांवर विशेष शिक्का मारला जाई व बाहेरच्या नातेवाइकांना तेथे येण्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागे. मोडलारॉइटचा संपूर्ण थुरिंजियन भाग ओढ्याला लागून असल्यामुळे तो सर्वांत कडक निर्बंधांच्या पट्ट्यात आला.

या आदेशापाठोपाठ सीमावर्ती भागातून ‘अविश्वसनीय’ समजल्या गेलेल्या कुटुंबांना सक्तीने हलविण्यात आले. ‘कीड’ या अर्थाचे सांकेतिक नाव या मोहिमेस देण्यात आले होते. त्यावरून शासनाची या लोकांकडे पाहण्याची दृष्टी कळून येते. कुटुंबाला काही तासांची सूचना मिळे, सामान मालमोटारीत भरले जाई व त्यांना देशाच्या अंतर्भागात नेऊन सोडले जाई. कोणावर संशय घ्यावयाचा हे पोलीस व पक्षाचे स्थानिक अधिकारी ठरवीत. पश्चिमेकडे आप्त असणे, चर्चशी निकटचा संबंध असणे, शासनावर टीका करणे किंवा केवळ शेजाऱ्याने केलेली तक्रार, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे होई. अशीच दुसरी मोहीम बर्लिनची भिंत उभारल्यानंतर ऑक्टोबर १९६१ मध्ये झाली. या दोन मोहिमांत संपूर्ण सीमेवरून सु. अकरा ते बारा हजार लोकांना घरे सोडावी लागली. मोडलारॉइटमधील कुटुंबेही त्यांतून सुटली नाहीत. काहींना नेण्यात आले, तर काहींनी तत्पूर्वीच ओढा ओलांडून बव्हेरियाचा आश्रय घेतला. सीमेलगतच्या अनेक वास्तू दृष्टिक्षेत्र मोकळे करण्यासाठी पाडण्यात आल्या. ओढ्याकाठची गिरणीही त्यांत गेली.

याच वर्षी गावाच्या मधोमध माणसाच्या उंचीपेक्षा अधिक उंच लाकडी फळ्यांचे कुंपण उभे राहिले. बव्हेरियाच्या बाजूच्या मुलांची शाळा तुटली, तर थुरिंजियाच्या बाजूच्या लोकांचे चर्च तुटले. पलीकडची शेते मालकांच्या हातून गेली. पूर्व जर्मनीत शेतीच्या सामूहिकीकरणाची मोहीम १९६० मध्ये पुरी झाली. त्यामुळे एका काठावर सहकारी शेती संस्थेची जमीन व दुसऱ्या काठावर खाजगी मालकीची शेते, असे चित्र निर्माण झाले.

भिंत : फळ्यांच्या कुंपणानंतर काटेरी तारांचे अडथळे व त्यानंतर १९६६ मध्ये काँक्रीटची भिंत उभारण्यात आली. तिची लांबी सु. ७०० मी. असून उंची तीन मीटरांहून अधिक होती. मोकळ्या रानात तारांचे व धातूच्या जाळीचे कुंपण पुरेसे समजले जाई. परंतु जेथे घरे सीमेला खेटून होती, तेथे दृष्टीही अडविण्यासाठी भिंतीची आवश्यकता वाटली. भिंत अगदी सीमेवर नसून किंचित मागे, थुरिंजियाच्या भूमीवर होती. त्यामुळे ओढा व भिंत यांमधील अरुंद जागाही पूर्व जर्मनीची होती, आणि ओढ्यापलीकडे पाऊल टाकणारा पाश्चात्त्य नागरिक सीमाभंगाचा अपराधी ठरे. भिंतीमागे प्रकाशझोत, टेहळणी मनोरे, गस्तीचा रस्ता व पहाऱ्याचे कुत्रे अशी व्यवस्था होती. सीमेच्या इतर भागांत भूसुरुंग व १९७० नंतर आपोआप उडणारी स्फोटक यंत्रे बसविण्यात आली होती. ती १९८४-८५ पर्यंत काढण्यात आली.

बर्लिनची भिंत सु. वीस लाखांच्या शहराभोवती होती, तर मोडलारॉइटची भिंत जेमतेम पन्नास माणसांच्या खेड्यात. प्रमाणातील या तफावतीमुळेच ती पाहणाऱ्यांच्या मनावर अधिक ठसे. पश्चिमेकडील लोकांना ओढ्याच्या काठापर्यंत येण्यास मज्जाव नव्हता. त्यामुळे भिंत पाहण्यासाठी तेथे सहली येत, लष्करी अधिकारी व राजकीय नेते येत. फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकन संयुक्त संस्थानांचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांनी येथे भेट दिली. थुरिंजियाच्या बाजूस मात्र बाहेरचा मनुष्य सहसा पोहोचतच नसे. पश्चिमेकडून कोणी हात हलविला वा अभिवादन केले, तर त्याला प्रतिसाद देण्यास पूर्वेकडील रहिवाशांना सक्त मनाई होती. भिंतीपलीकडे सख्खे आप्त उभे दिसले, तरी मान वळवून निघून जावे लागे. केलेल्या खुणेची चौकशी होण्याची भीती असे. काही मीटरांवरील शेजारी अशा रीतीने कित्येक दशके एकमेकांस केवळ दुरून दिसत राहिले. १९७३ मध्ये एका व्यक्तीने मोटार भिंतीलगत आणून शिडीच्या साहाय्याने पलीकडे पलायन केले. भिंत ओलांडून यशस्वी पलायन झाल्याचे मोडलारॉइटमधील हे एकमेव उदाहरण सांगितले जाते.

दोन जर्मन राष्ट्रांतील संबंध सुधारल्यावरही या खेड्याची स्थिती पालटली नाही. २१ डिसेंबर १९७२ रोजी झालेल्या मूलभूत करारानंतर, पश्चिम जर्मनीच्या सीमावर्ती जिल्ह्यांतील नागरिकांना पूर्वेकडील काही जिल्ह्यांत अल्पकाळ जाण्याची मुभा मिळाली. तथापि प्रतिबंधित प्रदेश तीतून वगळलेला होता. परिणामी दूरच्या शहरातील नातेवाइकांना भेटणे शक्य झाले, परंतु समोरच्या घरात जाणे अशक्यच राहिले. जवळच टोपेन व युखहो यांच्या दरम्यान रस्त्यावरील सीमाचौकी होती. झाले नदीवरील महामार्गाचा पूल पुन्हा बांधून झाल्यावर तीही डिसेंबर १९६६ मध्ये बंद झाली व वाहतूक महामार्गाने वळविण्यात आली. अशा प्रकारे भिंत उभी राहिली त्याच वर्षी परिसरातील जुना राजमार्गही निर्जन झाला.

अशी दुभंगलेली खेडी सीमेवर अन्यत्रही होती. लोअर सॅक्सनीतील त्सिखरी व त्याला लागून असलेले सॅक्सनी-आनहाल्टमधील बोकविट्स हे त्यांचे एक परिचित उदाहरण होय. मात्र काँक्रीटच्या भिंतीमुळे मोडलारॉइटला जी प्रसिद्धी मिळाली, ती इतरांच्या वाट्यास आली नाही.

सीमा खुली होणे : ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत खुली झाली. मोडलारॉइटमध्ये मात्र त्यानंतरही महिनाभर भिंत तशीच होती. समोरच्या काठावर जावयाचे तर दूरच्या सीमाचौकीवरून वळसा घालावा लागे. अखेर ९ डिसेंबर १९८९ रोजी भिंतीत पादचाऱ्यांसाठी वाट काढण्यात आली व सदतीस वर्षांनंतर गावकरी पुन्हा ओढा ओलांडून एकमेकांकडे गेले. योगायोगाने त्याच दिवशी होफ येथे पूर्व व पश्चिम जर्मनीतील सु. ४०० निसर्गसंरक्षक प्रथमच एकत्र जमले होते. माणसाचा वावर नसल्यामुळे सीमापट्ट्यात दुर्मिळ वनस्पती व पक्षी टिकून राहिले होते. त्यांच्यासाठी हा पट्टा ‘हरित पट्टा’ म्हणून राखावा, असा ठराव त्यांनी संमत केला. थुरिंजियाने २०१८ मध्ये आपल्या हद्दीतील हरित पट्ट्यास राष्ट्रीय निसर्गस्मारकाचा दर्जा दिला.

१७ जून १९९० रोजी मोडलारॉइटची भिंत यंत्राच्या साहाय्याने पाडण्यात आली. १९५३ मध्ये पूर्व जर्मनीत झालेल्या उठावाचा हा स्मृतिदिन असल्यामुळे त्यास विशेष अर्थ होता. १ जुलै १९९० रोजी दोन्ही राष्ट्रांचे चलन एक झाले व सीमेवरील तपासणी संपली. ३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनीचे एकीकरण झाले. १९५२ मध्ये पूर्व जर्मन शासनाने रद्द केलेले थुरिंजिया राज्यही तेव्हा पुन्हा अस्तित्वात आले आणि त्याबरोबरच टानबाखवरील जुनी राज्यसीमाही.

विद्यमान स्थिती : भिंतीचा सु. १०० मी. लांबीचा भाग पाडण्यात आला नाही. तो, टेहळणी मनोरा व धातूच्या जाळीचे कुंपण यांसह जतन करण्यात आला असून १९९० मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयाचा तो खुला विभाग आहे. सीमारक्षकांची वाहने, गणवेश, कागदपत्रे व छायाचित्रे यांचा मोठा संग्रह तेथे आहे. खेड्याच्या इतिहासावरून ‘टानबाख’ ही जर्मन दूरचित्रवाणी मालिका स्फुरली असून ती २०१५ व २०१८ मध्ये प्रक्षेपित झाली.

एकीकरणानंतरही मोडलारॉइट हे प्रशासकीय दृष्ट्या एक गाव झालेले नाही. त्याला दोन नगराध्यक्ष आहेत, दोन टपाल संकेतांक आहेत व दूरध्वनीचे दोन विभागीय क्रमांक आहेत. मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवरील अक्षरे वेगळी आहेत. मुले निरनिराळ्या राज्यांच्या शिक्षणपद्धतींनुसार शिकतात. सणांच्या सुट्ट्याही भिन्न आहेत: सर्वसंतदिन (१ नोव्हेंबर) बव्हेरियात सार्वजनिक सुट्टीचा असतो, थुरिंजियात नाही, उलट धर्मसुधारणादिन (३१ ऑक्टोबर) थुरिंजियात सुट्टीचा असून बव्हेरियात कामाचा दिवस असतो. दक्षिण काठावरील लोक भेटल्यावर बव्हेरियन रीतीने देवाचे नाव घेऊन अभिवादन करतात, तर उत्तर काठावर ‘शुभ दिन’ अशा अर्थाचे अभिवादन रूढ आहे. जर्मन संविधानानुसार राज्यांच्या सीमांत लहानसहान फेरफार संबंधित राज्यांच्या करारानेही करता येतात. मोडलारॉइटपुरता तसा बदल झालेला नाही.

या खेड्याच्या इतिहासावरून सीमेच्या स्वरूपाविषयी एक गोष्ट लक्षात येते. टानबाखची रेषा १८१० पासून जवळजवळ जागची हललेली नाही. संस्थानिकांच्या काळात ती ग्रामस्थांना जाणवत नव्हती. १९५२ ते १९८९ या काळात तीच प्राणघातक ठरली. आणि आता ती पुन्हा टपाल, शाळा व सुट्ट्या यांपुरती उरली आहे. बदलली ती रेषा नव्हे, तर तिच्यामागे उभी असलेली सत्ता व त्या सत्तेचा आपल्या नागरिकांवरील विश्वास वा अविश्वास. ओढ्यावरील लाकडी साकवावरून आज दोन्ही काठांचे रहिवासी निर्वेध ये-जा करतात. त्याच्या बाजूलाच १८१० मधील हद्दीचे दगड व १९६६ मधील भिंतीचा अवशेष ही दोन्ही राजवटींची चिन्हे पाहावयास मिळतात.